शॉपिंग कार्टच्या एंटिटी कशा आखाव्यात: कागदापासून पहिल्या बिलापर्यंत

सोलापुरात चादरी-टॉवेलचे कारखानदार, शाळेचे युनिफॉर्म शिवणारे, शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकणारे असे कितीतरी जण आता स्वतःची वेबसाइट करून घेतात. ते काम बहुतेक वेळा इथल्याच तरुण डेव्हलपरकडे किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांकडे येतं. डेमो छान होतो, कार्टमध्ये माल पडतो, ऑर्डर जाते. मग दुकानदार सुताचा दर वाढला म्हणून चादरीचा भाव बदलतो आणि गेल्या महिन्याच्या बिलांची बेरीज आपोआप वाढलेली दिसते. किंवा कार्टमधून एक ओळ काढली की वस्तूच दुकानातून गायब होते.

हे घोळ स्क्रीनवरचे नसतात, एंटिटी (डेटाबेसच्या एकेका टेबलासाठी लिहिलेला क्लास) आखतानाच झालेले असतात. कार्ट आणि ऑर्डर एकाच साच्यात कोंबल्या जातात, तिथे बहुतेकांची सुरुवात होते. कार्ट म्हणजे गिऱ्हाइकाने गल्ल्याशेजारी बाजूला काढून ठेवलेला माल, त्याला आजचा भाव लागतो. ऑर्डर म्हणजे फाडून हातात दिलेलं बिल, त्यावरचा आकडा पुन्हा हलता कामा नये. पुढचे टप्पे याच फरकावर उभे आहेत आणि ते याच क्रमाने करायचे आहेत.

उदाहरणं जावाच्या स्प्रिंग बूट आणि हायबरनेटची आहेत (हायबरनेट हे ओआरएम, म्हणजे जावाचे क्लास आणि डेटाबेसची टेबलं यांची सांगड घालणारं साधन), डेटाबेस पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल. दुसरं ओआरएम वापरत असाल तर शब्द थोडे बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा १: आधी दुकानदारासमोर बसा, लॅपटॉप बंद ठेवून

वहीत या प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या.

विक्री कशात होते? चादर नगावर, टॉवेल जोडीवर, नॅपकिन डझनावर. मग कार्टमधला «२» म्हणजे दोन नग की दोन जोड्या, हे आधी ठरायला हवं.

एका वस्तूचे प्रकार किती? एकच नक्षी, दोन मापं आणि चार रंग असतील तर विकायच्या वस्तू आठ होतात. भाव मापाप्रमाणे बदलतो का? स्टॉक रंगाप्रमाणे वेगळा मोजतात का?

सांगितलेला भाव जीएसटी धरून की सोडून? माल महाराष्ट्राबाहेर जातो का? सोलापूरहून विजयपूर, कलबुर्गी, हैदराबादला माल जाणं रोजचंच आहे, त्यामुळे हा प्रश्न टाळू नका.

आता वहीतल्या प्रत्येक नामासमोर दोन गोष्टी लिहा. पहिली, ही गोष्ट कोणाशिवाय जगू शकत नाही? दुसरी, ती उद्या बदलली तर जुन्या नोंदीत फरक पडायला हवा का? कार्टमधली ओळ कार्टशिवाय जगत नाही. चादर मात्र कार्टशिवाय खुशाल जगते. गिऱ्हाइकाचा पत्ता बदलला तरी जुन्या बिलावरचा पत्ता तोच राहायला हवा. पहिल्या उत्तरावरून कॅस्केड (एका नोंदीवरचं सेव्ह-डिलीट तिला जोडलेल्या नोंदीवरही जाणं) ठरतो, दुसऱ्यावरून रेफरन्स (मूळ नोंदीकडे दाखवलेलं बोट) ठेवायचा की नक्कल. ही दोन उत्तरं हातात नसताना एंटिटी क्लास लिहायला घेणं म्हणजे नंतरच्या दुरुस्त्या आजच ओढवून घेणं.

तपासा: वहीत «प्रॉडक्ट, कार्ट, ऑर्डर» एवढीच तीन नावं असतील तर आखणी अपुरी आहे. किमान प्रॉडक्ट, व्हेरिएंट (वस्तूचा ठरावीक माप-रंगाचा एक प्रकार), कार्ट, कार्ट आयटम, ऑर्डर आणि ऑर्डर आयटम ही सहा हवीत.

टप्पा २: प्रॉडक्ट आणि व्हेरिएंट वेगळे करा

प्रॉडक्टवर नाव, वर्णन आणि एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाचा वर्ग-क्रमांक) ठेवा. फोटो प्रॉडक्टला जोडलेल्या वेगळ्या टेबलमध्ये. भाव, माप, रंग, विक्रीचं एकक आणि स्टॉक ठेवा व्हेरिएंटवर. कार्टमध्ये नेहमी व्हेरिएंट जातो, प्रॉडक्ट कधीच जात नाही. प्रत्येक व्हेरिएंटला एसकेयू (दुकानाचा स्वतःचा वस्तू-कोड) द्या आणि त्या कॉलमवर युनिक बंधन (तेच मूल्य दोनदा येऊ न देणारी अट) घाला.

आता कॉलमच्या प्रकारांकडे या, कारण नंतर ते बदलणं सगळ्यात महागात पडतं.

पैसे फ्लोट किंवा डबलमध्ये ठेवू नका. जावामध्ये बिगडेसिमल आणि टेबलात दहा अंकी, दोन दशांशांचा न्यूमेरिक वापरा, किंवा सरळ पैशांत मोजून पूर्णांक ठेवा. बिगडेसिमलची तुलना करताना इक्वल्स टाळा: त्याच्या लेखी १०.० आणि १०.०० वेगळे असतात. तिथे कम्पेअर-टू वापरायचं.

पिनकोड, मोबाइल नंबर आणि एचएसएन हे अंक दिसले तरी स्ट्रिंगच. त्यांची बेरीज कोणी करत नाही, आणि शून्याने सुरू होणारा कोड नंबरच्या कॉलममध्ये टाकला की ते शून्य कायमचं जातं.

वस्तूंची नावं मराठीत ठेवणार असाल, आणि ठेवावीतच, तर कॉलमच्या लांबीकडे नीट बघा. «सोलापुरी» हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. डेटाबेस मात्र स, ओकार, ल, काना, प, उकार, र, वेलांटी असे आठ वर्ण मोजतो. जोडाक्षरात हलन्तही मोजला जातो. इंग्रजी नावांच्या अंदाजाने तीस-चाळीसची मर्यादा घातलेला कॉलम मराठी नावाला पुरत नाही. नावाला २५५ द्या. मायएसक्यूएलमध्ये कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८-एमबी-४ ठेवा, म्हणजे गिऱ्हाइकाने शेऱ्यात इमोजी टाकला तरी ऑर्डर अडकणार नाही.

इशारा: वस्तू बंद झाली तरी तिची ओळ डिलीट करू नका. «चालू आहे का» असा बूलियन कॉलम ठेवा. जुन्या ऑर्डरी त्या ओळीकडे बोट दाखवत असतात.

टप्पा ३: कार्ट आणि कार्ट आयटम

इथली सर्रास चूक म्हणजे कार्ट आणि प्रॉडक्टमध्ये मेनी-टू-मेनी नातं (एका कार्टमध्ये अनेक वस्तू, एक वस्तू अनेक कार्टमध्ये). ते लिहायला सोपं असतं, मधलं टेबल ओआरएम स्वतः करून देतं. पण त्या टेबलात फक्त दोन आयडी असतात. «किती नग» हे लिहायला जागाच नाही. मग कोणी एकच वस्तू तीनदा टाकतो, कोणी संख्येसाठी वेगळा मॅप जोडतो. मधलं टेबल ही स्वतंत्र एंटिटी करा, तिचं नाव कार्ट आयटम.

कार्टवर गिऱ्हाइकाचा आयडी ठेवा आणि तो रिकामा राहू शकेल असा ठेवा, कारण लॉगिन न करता माल निवडणारे बरेच असतात. त्यांच्यासाठी एक यादृच्छिक टोकन, यूयूआयडी चालेल. सोबत स्थिती, शेवटच्या बदलाची वेळ आणि व्हर्जन कॉलम (प्रत्येक बदलाला वाढणारा आकडा). कार्ट आयटमवर कार्ट, व्हेरिएंट आणि संख्या. संख्या शून्याहून मोठी असावी हे चेक बंधन डेटाबेसमध्येच घाला.

भाव? कार्ट आयटमवर भाव ठेवू नका. तो दर वेळी व्हेरिएंटवरून वाचा. «तुम्ही निवडल्यानंतर भाव बदलला आहे» असं गिऱ्हाइकाला सांगायचं असेल तर «टाकतानाचा भाव» असा कॉलम फक्त तुलनेसाठी ठेवा, बेरजेत तो कधीही घेऊ नका.

कार्ट आणि व्हेरिएंट या जोडीवर युनिक बंधन हवंच. तीच चादर पुन्हा टाकली तर नवी ओळ होऊ नये, संख्या वाढावी. हे फक्त जावा कोडमध्ये तपासून भागत नाही. गिऱ्हाइकाने घाईत बटण दोनदा दाबलं की दोन रिक्वेस्ट एकाच वेळी येतात, दोघींनाही ओळ सापडत नाही आणि दोघीही नवी ओळ टाकतात.

आता नात्याची मालकी. फॉरिन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा आयडी ठेवणारा कॉलम) कार्ट आयटमच्या टेबलात आहे, म्हणून मेनी-टू-वन (अनेक आयटम, एक कार्ट) बाजू मालक. कार्टवरच्या वन-टू-मेनीला मॅप्ड-बाय (मालक दुसरी बाजू आहे हे सांगणारी खूण) द्या. तो विसरलात आणि जॉइन कॉलमही दिला नाही, तर हायबरनेट एक जादा जोडटेबल तयार करतं. तसंच, कार्टच्या लिस्टमध्ये आयटम टाकला पण आयटमवर कार्ट सेट केली नाही, तर फॉरिन की रिकामीच जाते, कारण हायबरनेट मालक बाजूकडेच बघतं. म्हणून लिस्ट बाहेर उघडी ठेवू नका. कार्टमध्ये «आयटम टाका» आणि «आयटम काढा» अशा दोन मेथड लिहा, त्यांनी दोन्ही बाजू जुळवाव्यात, आणि बाकी कोडने फक्त त्याच वापराव्यात.

लॉगिन झाल्यावर पाहुण्याची कार्ट जुन्या कार्टमध्ये मिसळताना आणखी एक अडचण येते. जुनी ओळ डिलीट करून त्याच व्हेरिएंटची नवी टाकायची, असं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होतात किंवा एकही होत नाही अशा बदलांच्या गटात) केलं तर युनिक बंधन मोडल्याची एरर येते. फ्लश करताना (साठलेले बदल डेटाबेसकडे पाठवताना) हायबरनेट इन्सर्ट आधी पाठवतं आणि एंटिटीचे डिलीट शेवटी, तुम्ही कोडमध्ये कुठल्याही क्रमाने लिहा. इथे असलेल्या ओळीची संख्या बदलणं हाच बरोबर मार्ग.

तपासा: तयार झालेली टेबलं डेटाबेसमध्ये उघडून बघा. कार्टसाठी नेमकी दोनच हवीत. तिसरं दिसलं तर मॅप्ड-बाय राहिलाय.

इशारा: एंटिटीवर लॉम्बॉकचं (ठरावीक कोड आपोआप लिहून देणाऱ्या लायब्ररीचं) डेटा ॲनोटेशन लावू नका. कार्ट आपल्या आयटमला छापते, आयटम कार्टला छापतो आणि स्टॅक ओव्हरफ्लो होतो. एंटिटी थेट जेसनमध्ये पाठवली तरी हेच होतं. बाहेर पाठवायला डीटीओ (फक्त पाठवायची माहिती असलेला साधा क्लास) करा.

टप्पा ४: कॅस्केड, अगदी जपून

टप्पा १ मधलं पहिलं उत्तर काढा. कार्टकडून आयटमकडे कॅस्केड ऑल आणि ऑर्फन रिमूव्हल (कार्टमधून काढलेला आयटम डिलीट होणं) द्या, कारण आयटम कार्टचाच आहे. आयटमकडून व्हेरिएंटकडे काहीही देऊ नका. एक अक्षरही नाही.

एरर आली, इंटरनेटवर उत्तर सापडलं, सगळीकडे कॅस्केड ऑल चिकटवला, एरर गेली, असं बरेचदा होतं. ऑल म्हणजे त्यात रिमूव्हही आलं. गिऱ्हाइकाने कार्टमधून एक टॉवेल काढला की आयटम डिलीट होतो, त्यामागोमाग टॉवेलच्या व्हेरिएंटवर डिलीट जातो. दुसऱ्या कोणाच्या कार्टमध्ये तो असेल तर फॉरिन कीमुळे एरर येऊन निभावतं. नसेल तर माल दुकानातूनच जातो.

तपासा: एक टेस्ट लिहा. कार्टमधून ओळ काढा, सेव्ह करा, मग व्हेरिएंट अजून आहे का बघा. ही टेस्ट कार्टच्या पहिल्या दिवशी लिहायची.

टप्पा ५: ऑर्डर म्हणजे नक्कल

आधी नावाचं. एसक्यूएलमध्ये «ऑर्डर» हा राखीव शब्द आहे. एंटिटीचं नाव तेच ठेवून टेबलचं नाव दिलं नाही की टेबल तयार होतानाच सिंटॅक्स एरर येते. टेबलला अनेकवचनी नाव द्या. पोस्टग्रेसमध्ये «यूजर»चंही असंच आहे.

ऑर्डर आयटमवर व्हेरिएंटचा रेफरन्स ठेवा, पण तो फक्त «पुन्हा मागवा» बटणासाठी आणि विक्रीच्या अहवालासाठी. बिलावर जे छापायचं ते सगळं ओळीवर कॉपी करा: वस्तूचं नाव, माप, रंग, एसकेयू, एचएसएन, एकक, संख्या, दर, सवलत, कराचा टक्का, कराची रक्कम, ओळीची एकूण रक्कम. डेटा दोनदा ठेवला म्हणून नॉर्मलायझेशन (एक माहिती एकाच जागी ठेवण्याचा नियम) मोडलं, अशी शंका परीक्षेसाठी अभ्यास केलेल्यांना हमखास येते. पण व्हेरिएंटवरचा भाव आणि बिलावरचा भाव ही दोन वेगळी तथ्यं आहेत: एक आजचा दर, दुसरा त्या दिवशी ठरलेला. दोन्ही ठेवायलाच हवीत.

कराचा टक्का का कॉपी करायचा, याचं ताजं उदाहरण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून देशभर जीएसटीचे दर बदलले. ज्या वेबसाइटवर टक्का फक्त प्रॉडक्टवर होता आणि जुनं बिल उघडताना कर नव्याने मोजला जायचा, तिथे दर बदलताच आधीची बिलंही नव्या दराने दिसणार. टक्का आणि रक्कम दोन्ही ओळीवर लिहून ठेवली असती तर हा प्रश्नच आला नसता.

पत्त्याचंही तेच. पत्ता एम्बेडेबल क्लासमध्ये (ज्याचे कॉलम ऑर्डरच्याच टेबलात बसतात अशा) घ्या आणि ऑर्डरमध्ये कॉपी करा. राज्याचा कोड वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, कारण कराची विभागणी त्यावर ठरते: महाराष्ट्रातल्या नोंदणीवरून पुण्याला पाठवलेल्या मालाला सीजीएसटी आणि एसजीएसटी, विजयपूरला पाठवलेल्या मालाला आयजीएसटी. म्हणून ऑर्डर आयटमवर कराच्या तीन वेगळ्या रकमा ठेवा.

पूर्णांकन इथेच ठरवा. करापूर्वी ३४९ रुपयांच्या वस्तूवर ५ टक्के कर १७.४५ रुपये होतो. तोच सीजीएसटी आणि एसजीएसटी म्हणून अडीच-अडीच टक्के असा मोजला तर प्रत्येकी ८.७२५ येतो. दोन्ही वर ओढले की ८.७३ अधिक ८.७३, म्हणजे १७.४६. एक पैसा कुठून आला हे शोधायला लेखापालाचा अर्धा दिवस जातो. कुठे गोल करायचं, ओळीवर की बेरजेवर, हे दुकानदाराच्या सीएला विचारा, ते एकाच मेथडमध्ये लिहा आणि आलेली रक्कम साठवा. परत मोजू नका.

स्थितीसाठी ईनम (ठरलेल्या नावांची यादी) वापरा, पण तो स्ट्रिंग म्हणून साठवा. काहीच सांगितलं नाही तर जेपीए (हायबरनेट पाळतं तो जावाचा ओआरएम नियमसंच) त्याचा क्रमांक साठवतं. नंतर «पैसे मिळाले» आणि «पाठवली» यांच्या मध्ये «पॅक झाली» घातलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. घरी पोचलेल्या ऑर्डरी वाटेत असल्याचं दिसू लागतं.

इशारा: ऑर्डरचा आयडी हा बिल नंबर म्हणून छापू नका. ट्रान्झॅक्शन रद्द झालं तरी सीक्वेन्सचा (डेटाबेसच्या आयडी देणाऱ्या मोजणीचा) आकडा खर्च होतो आणि मध्ये खाडे पडतात. जीएसटीच्या बिलाला सलग क्रमांक लागतो, आर्थिक वर्षात एकमेव आणि १६ वर्णांच्या आत. त्यासाठी वेगळं मोजणी टेबल ठेवा आणि बिल पक्कं होताना ती ओळ लॉक करून पुढचा आकडा घ्या.

टप्पा ६: कार्टची ऑर्डर करताना क्रम

कार्टमध्ये टाकताना स्टॉक कमी करू नका. टाकून विसरणारे खूप, त्यांच्यासाठी माल अडकून पडतो. स्टॉक ऑर्डर पक्की होताना कमी होतो, तोही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, या क्रमाने:

१. कार्ट, आयटम आणि व्हेरिएंट वाचा. बंद झालेले व्हेरिएंट असतील तर इथेच थांबा.

२. व्हेरिएंट आयडीच्या चढत्या क्रमाने स्टॉक कमी करा. क्रम महत्त्वाचा आहे. एका ऑर्डरने आधी चादर आणि मग टॉवेल लॉक केला, दुसरीने उलट, तर दोघी एकमेकींची वाट बघत बसतात आणि डेडलॉक होतो.

३. स्टॉक कमी करणारी क्वेरी अटीसह लिहा: शिल्लक मागणीएवढी किंवा जास्त असेल तरच वजा कर. किती ओळी बदलल्या हे तपासा. शून्य आलं तर माल संपलाय, सगळं मागे घ्या.

४. ऑर्डर आणि ऑर्डर आयटम तयार करा, सगळी कॉपी करा, रकमा साठवा.

५. कार्टची स्थिती «ऑर्डर झाली» करा.

आधी शिल्लक वाचून जावामध्ये «इफ» लावणं आणि मग वजा करणं, ही सर्वत्र दिसणारी चूक. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) दिवसांत सवलत लावली आणि शेवटच्या चादरीवर दोघे एकाच क्षणी आले, की दोघांनाही शिल्लक १ दिसते आणि दोघांनाही ऑर्डर मिळते. अटीची क्वेरी नको असेल तर व्हेरिएंटवर व्हर्जन कॉलम ठेवा. दुसऱ्याला व्हर्जन जुळत नाही म्हणून ऑप्टिमिस्टिक लॉकची एरर येईल, ती पकडून पुन्हा प्रयत्न करा. दोन पद्धती मिसळू नका: थेट चालवलेली अपडेट क्वेरी आधीच मेमरीत आलेल्या एंटिटीला कळत नाही, तिथे जुनीच शिल्लक राहते.

बटण दोनदा दाबण्यावर उपाय म्हणून चेकआउट पान उघडताना एक की तयार करा आणि ऑर्डर टेबलमध्ये तिच्यावर युनिक बंधन ठेवा. पेमेंट गेटवेला मात्र ट्रान्झॅक्शनच्या आतून कॉल करू नका. तिकडून उत्तर यायला उशीर झाला तर तेवढा वेळ स्टॉकच्या ओळी लॉक राहतात.

टप्पा ७: किती क्वेरी जातात ते मोजा

जेपीएमध्ये मेनी-टू-वन मुळात ईगर (जोडलेली नोंद लगेच आणणारं) असतं. प्रत्येक ठिकाणी ते लेझी (गरज पडल्यावरच आणणारं) करा. मग कार्ट पान दाखवण्यासाठी कार्ट, आयटम, व्हेरिएंट आणि प्रॉडक्ट जॉइन फेचने एकाच क्वेरीत आणा. हे केलं नाही तर सात वस्तूंच्या कार्टसाठी आयटमची एक क्वेरी, व्हेरिएंटच्या सात आणि प्रॉडक्टच्या आणखी काही अशी रांग लागते.

त्याच क्वेरीत प्रॉडक्टचे फोटोही ओढायला जाऊ नका. दोन लिस्ट एकदम जॉइन फेच केल्या की हायबरनेट मल्टिपल बॅग फेचची एरर देतं. लिस्टऐवजी सेट केला की एरर जाते, पण ओळींचा गुणाकार तसाच राहतो. फोटो वेगळ्या क्वेरीने आणा.

तपासा: एसक्यूएल लॉग सुरू करून कार्ट पान एकदा उघडा आणि क्वेरी मोजा. वस्तू वाढल्या की क्वेरी वाढत असतील तर हा टप्पा झालेला नाही.

टप्पा ८: स्कीमा, इंडेक्स, साफसफाई

हायबरनेटची स्कीमा (टेबलांची रचना) आपोआप अपडेट करायची सोय फक्त स्वतःच्या मशिनवर वापरा. ती कॉलमचं नाव बदलत नाही, नवा कॉलम जोडते आणि जुना तसाच सोडते. सर्व्हरवर व्हॅलिडेट (फक्त तपासणी) ठेवा आणि बदल फ्लायवेसारख्या मायग्रेशनच्या साधनाने करा.

पोस्टग्रेस फॉरिन कीवर आपोआप इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) करत नाही, मायएसक्यूएलचं इनोडीबी (त्याचं साठवणीचं इंजिन) करतं. पोस्टग्रेसवर असाल तर ऑर्डर आयटमच्या ऑर्डर आयडीवर आणि ऑर्डरच्या गिऱ्हाइक आयडीवर इंडेक्स स्वतः घाला.

पडून राहिलेल्या पाहुण्यांच्या कार्ट रात्री काढताना बल्क डिलीट वापराल. त्याला ओआरएमचा कॅस्केड लागू होत नाही. आधी आयटम काढा, मग कार्ट, किंवा फॉरिन कीवर डेटाबेसचाच ऑन डिलीट कॅस्केड ठेवा.

सर्व्हरवर टाकण्याआधी

खऱ्या डेटाबेसवर, दुकानदाराला शेजारी बसवून, एवढं करून बघा. एक ऑर्डर द्या आणि तिचं बिल छापून ठेवा. मग त्या चादरीचा भाव वाढवा, नाव बदला, कराचा टक्का बदला, गिऱ्हाइकाचा पत्ता बदला आणि शेवटी ती वस्तू बंद करा. आता तीच ऑर्डर पुन्हा उघडून बिल परत छापा. दोन्ही कागद ओळीला ओळ जुळले पाहिजेत. जिथे फरक दिसेल तो कॉलम अजून रेफरन्सवरून वाचला जातोय. टप्पा ५ वर जा आणि तो ऑर्डर आयटमवर आणा.